रिबकेची पंगत

बनाबाई साळवेला कुणी विचारलं, "बाई, तुमी कुठल्या मंडळीच्या?" तर ती उलट विचारायची, "कुठल्या सालातलं सांगू?" विचारणारा गडबडून जायचा आणि बनाबाई पदर तोंडाला लावून हसायची.

तिचंही चुकत नव्हतं. ख्रिस्ती माणूस बहुधा चर्चच्या ज्या मंडळीत जन्मतो तिच्याच कबरस्तानात जातो. बनाबाईनं मात्र तीन-चार वर्षांत तीन मंडळ्यांचे उंबरे झिजवले. नातेवाईक म्हणत, हिला कुठंच करमत नाही, हिचं डोकं फिरलंय. डोकं जागेवर होतं. नवऱ्याची नोकरी फिरती होती आणि लेक मुकी होती, या दोन गोष्टींनी तिला फिरवलं.

नवरा गेणू नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होता. म्हणजे कालव्याचं दार चढवायचं, उतरवायचं, ठरलेल्या पाळीनं शेतकऱ्यांच्या पाटात पाणी सोडायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. ज्याला पाणी कमी पडलं तो शिव्या देई आणि ज्याचं शेत भरून वाहिलं तोही, शेजाऱ्याला का दिलंस म्हणून शिव्या देई. गेणू हसत असे. "माझ्यासारखा सगळ्यांना एकसारखा वाईट माणूस तालुक्यात न्हाय," असं म्हणून तो बिडी पेटवायचा. पाळी चालू असली की त्याला रविवार नसे, त्यामुळे देवळात जायचं ते बनाबाईनं आणि रिबकेनं. आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.

रिबका ही त्यांची एकुलती लेक. झाली होती चार, राहिली ही एक. तीन वर्षांची असताना तिला ताप आला, तो उतरला तेव्हा तिचे कान गेले होते. पुढं जे चार शब्द तिला येत होते तेही हळूहळू गळून गेले. बनाबाई रडली, पण रडत बसली नाही. तिनं लेकीसाठी हातांची भाषा केली. दोन्ही हातांनी कालव्याच्या दाराचं चाक फिरवल्यासारखं केलं की बाप. पोटावरून हात फिरवला की भूक. तळहातात दुसऱ्या हाताची दोन बोटं टोचली की येशू, कारण त्याच्या हाताला खिळे मारले. भांडी घासताना, गवार तोडताना, वेण्या घालताना बनाबाई तिला शुभवर्तमानातल्या गोष्टी हातांनी सांगायची. येशूनं वादळ शांत केल्याची गोष्ट रिबकेला एवढी आवडायची की बापाचं चाकाचं काम बघताना ती कालव्याच्या पाण्यालाच हात करून गप्प बस म्हणायची.

त्रेपन्न सालच्या सुमारास गेणूचं दार काटेवाडीच्या शिवारात होतं आणि देऊळ बारामतीत. मायलेकी पहाटे निघून चालत जायच्या, कधी भाजी घेऊन निघालेल्या गाडीत जागा मिळायची. बारामतीची ती मंडळी शिंपडणारी होती. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा आणि मूल कळतं झालं की पंचांसमोर प्रश्नोत्तरं म्हणून दाखवायची, मग त्याला प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीत घ्यायचं, अशी तिथली रीत. रिबकेला पंधरावं सरलं तसं बनाबाईनं पाळकांच्या कानावर घातलं.

अमोलिक पाळक भला माणूस. त्यांनी मायलेकींना पंचांसमोर बसवलं. पाळकांनी प्रश्न विचारायचा, बनाबाईनं तो हातांनी लेकीला सांगायचा, रिबकेनं हातांनी उत्तर द्यायचं आणि बनाबाईनं ते बोलून दाखवायचं. तीन-चार प्रश्न झाले असतील. एक पंच हसला. वाईट मनानं हसला असं नाही, पण हसला.

"बनाबाई," अमोलिक पाळक म्हणाले, "ही उत्तरं पोरीची की तुमची, आम्हाला कसं कळायचं?"

"माझी असती तर मी लांबलचक दिली असती, पास्टरसाहेब. ती थोडक्यात बोलती."

"मला वाईट वाटतं. पण पंचांना उत्तर ऐकू यायला हवं. नियम आहे."

पुढच्या रविवारी रिबकेच्या वयाच्या पोरी पांढरी लुगडी नेसून पहिल्या बाकावर बसल्या. रिबका आईशेजारी होती. भाकरीची थाळी घेऊन पंच रांगेतून आले तेव्हा तिनं ओंजळ पुढं केली. थाळी तिच्या ओंजळीवरून पुढं गेली. पोरीला वाटलं, चुकून राहिलं असेल. ती ओंजळ तशीच धरून पंचांच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं आईकडं बघून हात हलवला: मला का नाही?

बनाबाईच्या दोन्ही हातांना त्या दिवशी एकही खूण आठवली नाही.

हे दुःख काय होतं ते समजायला बनाबाईचा आजा माहीत हवा. आजा नगरकडचा. गावजेवणात त्याच्या लोकांना उकिरड्याच्या कडेला बसवायचे, तेही सगळे जेवून उठल्यावर, आणि वरून टाकायचे. एका रविवारी मिशनच्या साहेबानं त्याला आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं आणि एकाच थाळीतली भाकरी मोडून दिली. आजा घरी येऊन ओक्साबोक्शी रडला आणि त्यानं बाप्तिस्मा घेतला. शास्त्र त्याला फारसं कधी कळलं नाही. आपल्याला पंगतीत घेतलं एवढं कळलं होतं. त्याच पंगतीतून त्याच्या पणतीला उठवलं होतं, आणि तेही कुणाचा राग नसताना, नियम म्हणून.

त्या दिवशी थाळी बनाबाईपुढं आली तेव्हा तिनं मान हलवली आणि ती पुढं जाऊ दिली. लेक उपाशी बसलेली असताना आईनं जेवायचं कसं, एवढाच तिचा विचार. शपथ वगैरे तिनं घेतली नाही. पण त्यानंतर ती प्रभूच्या मेजावर जेवली नाही.

एवढं होऊनही तिनं बारामतीला कधी नावं ठेवली नाहीत. वाचायला ती तिथल्या मिशनच्या मडमेकडंच शिकली होती, दोन लेकरं तिथंच पुरली होती आणि त्या दोन्ही वेळी अमोलिक पाळक भर उन्हात कबरेजवळ उभे राहिले होते. गेणूची बदली झाली त्या दिवशी ते निरोपाला आले आणि ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवू लागले. बनाबाईनं त्यांच्या पायांना हात लावला.

बदली झाली लासुर्ण्याला. तिथं साखर कारखान्याच्या कामगारांत हालेलुयावाल्यांची मंडळी होती. पत्र्याच्या शेडमध्ये उपासना, ढोलकी, पेटी, टाळ्या आणि मोठ्यानं प्रार्थना. पुढारी आनंदराव नावाचा फिटर होता, दिवसभर यंत्रांवर ओरडून ओरडून त्याचा आवाज तयार झालेला. पहिल्याच रविवारी ढोलकी सुरू झाली आणि रिबकेनं दोन्ही तळवे जमिनीला लावले. जमीन थरथरत होती ती तिला कळली. ती खुदकन हसली. देवळात ती हसल्याचं बनाबाईनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती मनात म्हणाली, हेच आपलं घर.

आनंदरावांनी पोरीच्या डोक्याला तेल लावलं, हात ठेवला आणि तिची जीभ मोकळी व्हावी म्हणून प्रार्थना केली. दुसऱ्या रविवारी पुन्हा केली. मग सगळी मंडळीच तिच्याभोवती उभी राहायला लागली. मोठी माणसं डोळे मिटून, घाम गाळून तिच्या कानाशी ओरडत आणि रिबका मधे उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघे. तीन महिने गेले तसे आनंदराव थकले.

"बनाबाई, राग मानू नका. पण आईच्या मनात कुठंतरी शंका हाय, म्हणून देवाचा हात अडलाय."

"माझ्या मनात शंका न्हाय, आनंदराव," बनाबाई शांतपणे म्हणाली. "आन ती बोलावी म्हणून मी हितं आलेच न्हाय. ती हाय तशी तुमच्यात बसावी म्हणून आले. हाय तशी घेताय का तिला?"

आनंदराव म्हणाले, आधी देव काय करतो ते बघू. बनाबाईनं रिबकेचा हात धरला आणि ती शेडबाहेर पडली. पाठीमागून सारजा नावाची एक कामगारीण धावत आली आणि घरापर्यंत त्यांच्याबरोबर चालली. वाटेत ती नुसते डोळे पुशीत होती. घराच्या दारात तिनं ओटीतली वांगी बनाबाईच्या पदरात घातली आणि मागं फिरली. आपल्या लेकीसाठी परक्या बाईनं डोळ्यांतून पाणी काढलं, हे बनाबाई जन्मभर सांगत राहिली. हालेलुयावाल्यांची कुणी टिंगल केली की तिला खपत नसे.

पुढं काही दिवस मायलेकी घरीच उपासना करायच्या. मग बदलीचा कागद पुन्हा आला आणि गेणूनं बिऱ्हाड निरवांगीला हलवलं.

"अवं, आता हितनं देऊळ किती लांब?" बनाबाईनं विचारलं.

"इंदापूर. पर तिथली मंडळी बुडवणारी हाय." गेणू बिडीचा धूर सोडत म्हणाला. "तुझ्या डोक्यावर पडलेल्या चार थेंबांना ती इचारायची न्हाईत. पुरं आत घालतात."

"घालू द्या. आमी पाटकऱ्याची माणसं. पाण्याला काय भ्यायचं?"

इंदापूरची मंडळी लहान होती. पगारी पाळक नव्हता, मंडळीनं नेमलेले ज्येष्ठ, ज्यांना वडील म्हणत, तेच सगळं बघत. मुख्य वडील हिंदुराव, दोरखंड वळून विकणारा म्हातारा. उपासनेला सगळे सतरंजीवर बसत, एकीकडं बाया, एकीकडं पुरुष. प्रभुभोजन दर रविवारी. हिंदुरावांची बायको फुलाबाई पहाटे गव्हाची भाकरी भाजायची, मनुका उकळून त्यांचा रस काढायची. थाळी कुणी वाढत फिरत नसे. ती हातोहात जायची. ज्यानं बुडून बाप्तिस्मा घेतलाय त्यानं तुकडा घ्यायचा, ज्यानं घेतला नाही त्यानं थाळी शेजाऱ्याला द्यायची.

हिंदुराव बनाबाईला म्हणाले, "बाई, तुमी कालव्यात उतरा, मंडळीत या."

"मी आन माझी लेक, दोघी एकदम उतरणार. न्हाय तर कुणीच न्हाय, आबा."

हिंदुरावांनी कुंडलिककडं बघितलं. कुंडलिक दुसरा वडील, पुस्तकाचा पक्का माणूस. तो म्हणाला, "आमचा तुमच्यावर काय राग न्हाय. पर विश्वास तोंडानं कबूल करायचा, असं लिवलंय. लिवलेलं आमी कसं पुसायचं?"

तिथंही तेच. तरी बनाबाई जात राहिली, कारण तिथं निदान कुणी हसत नव्हतं आणि कुणी कानाशी ओरडत नव्हतं. फुलाबाईनं चार-दोन खुणाही शिकून घेतल्या. मायलेकी शनिवारी निघायच्या, मिळाली तर एस.टी., नाही तर बैलगाडी, आणि मुक्काम फुलाबाईकडं. पण एका गोष्टीनं बनाबाईच्या जिवाला घोर लागायचा. बारामतीत थाळी लेकीच्या हातावरून जायची. इथं ती हातात यायची. रिबका दर रविवारी भाकरीची थाळी घ्यायची, क्षणभर तिच्याकडं बघायची आणि आईला द्यायची. आई पुढं द्यायची. दोघी उपाशी आणि दोघींच्या हातांतून पंगत जेवून जात होती.

एवढ्या दिवसांत रिबकेच्या मनात काय होतं ते बनाबाईला उमगलं नव्हतं. तिला वाटे, लेकीला कळतं की आई आपल्यासाठी थांबली आहे. लेकीला भलतंच कळलं होतं. आईनं मान हलवलेली तिच्या नजरेतून सुटली होती. तिनं एवढंच पाहिलं होतं की आधी आई जेवायची आणि बारामतीतल्या त्या दिवसापासून आईलाही वाढणं बंद झालं. आपल्यापायी आईलाही पंगतीबाहेर काढलं, असा तिचा समज. कुणाला विचारावं हे तिला सुचलं नाही आणि आपण सांगावं हे आईला सुचलं नाही.

छप्पन्न सालच्या थंडीत बनाबाईला हिवतापानं धरलं. गेणू पाळीवर. रिबकेनं आईला सांभाळलं. उठून बसवायची, भात कालवायची आणि एकेक घास भरवायची. घास ओठाला लागला की बनाबाई डोळे न उघडताच तोंड उघडायची. ताप निघाला तसा गेणू म्हणाला, "बने, ह्या रविवारी ऱ्हाऊ दे." पण बनाबाईनं ऐकलं नाही. देवानं उठवलं तर आभार मानायला नको का, म्हणत ती गाडीत बसली.

त्या रविवारी ती भिंतीला टेकून बसली होती. प्रार्थना चालली होती, डोळे मिटलेले, अंगात त्राण नव्हतं. थाळी हातोहात आली आणि रिबकेकडं पोचली. रिबकेनं थाळीकडं पाहिलं, मग आईच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं. तिनं थाळी मांडीवर ठेवली, एक तुकडा उचलला, मोडून त्याचे दोन केले आणि एक आईच्या ओठाला लावला.

बनाबाईनं सवयीनं तोंड उघडलं.

घास आत गेल्यावर तिला कळलं आपण काय खाल्लं ते. तिनं डोळे उघडले तर रिबका उरलेला अर्धा आपल्या तोंडात घालत होती. बायांच्या बाजूला कुजबूज उठली. कुंडलिक उभाच राहिला. थाळी रिबकेच्या मांडीवर होती आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे तिला दिसत होतं, पण तिनं थाळी सोडली नाही. बनाबाईला वाटलं, संपलं. तिसरं देऊळही गेलं. आता लेकीला घेऊन जायला देऊळ उरलं नाही.

"हे बरोबर न्हाय," कुंडलिक म्हणाला. "बाप्तिस्मा न्हाय, कबुली न्हाय, आन ही दुसऱ्याला वाढती?"

हिंदुरावांनी हात वर केला. ते उठले, मधली वाट ओलांडून बायांच्या बाजूला आले आणि गुडघे मोडून रिबकेपुढं बसले. "बनाबाई, तिला इचारा, हे काय केलंस."

तिनं विचारलं. रिबकेनं थाळीवर हात ठेवला. मग तळहातात दोन बोटं टोचली. मग आईकडं बोट करून पोटावरून हात फिरवला, आपल्याकडं बोट करून पुन्हा फिरवला. शेवटी तिनं चूक कबूल करताना मारतात तसा आपल्या छातीवर हात मारला आणि आईला दोन्ही हातांनी आत ओढून घेतल्यासारखं केलं.

बनाबाई लेकीचे हात धरून बसली. फुलाबाईच बोलली, कारण तेवढ्या खुणा तिला येत होत्या. "ती म्हणती, ही येशूची भाकरी हाय. आई उपाशी हाय, मी उपाशी हाय. आन..." फुलाबाई अडली.

"आन चूक माझी हाय, आईची न्हाय. आईला पंगतीत घ्या," बनाबाईनं पुरं केलं आणि तिला हुंदका फुटला. लेक इतकी वर्षं काय समजून बसली होती ते तिला त्या क्षणी कळलं.

कुंडलिक खाली बसला नाही, पण त्याचा आवाज बसला होता. "आबा, मला काय आनंद व्हतो का? पर तोंडानं कबूल करायचं लिवलंय."

"लिवलंय," हिंदुराव म्हणाले. "कुंडलिका, उपाशी पोरीनं आपल्या घासातला अर्धा आधी आईच्या तोंडात घातला. प्रभू कोण आन त्याचं जेवण कशासाठी, हे तू कधी एवढं स्पष्ट बोलला हायेस का? मी तर न्हाय बोललो. पन्नास वर्सं प्रार्थना म्हणतोय."

कुंडलिकनं हातातलं पुस्तक मिटलं. मग तो म्हणाला, "बाप्तिस्म्याला पाणी कुठलं धरायचं? निरवांगीला पाळी चालू हाय का?"

पाळी चालूच होती. पुढच्या रविवारी सगळी मंडळी दोन बैलगाड्यांतून निरवांगीला आली. गेणूनं दार असं बेतानं धरलं की पाटात बरोबर कमरेएवढं पाणी राहावं. खालचा शेतकरी पाणी कमी का आलं म्हणून बांधावर भांडायला आला आणि लोक बघून तिथंच टोपी काढून उभा राहिला. कुंडलिक आधी पाण्यात उतरला आणि तळ घट्ट आहे का ते त्यानं पायानं चाचपून पाहिलं. हिंदुरावांनी रिबकेला विचारलं, तेही हातांनी. आठवडाभर फुलाबाईनं म्हाताऱ्याला तालीम दिली होती, तरी एक खूण त्यांनी उलटी केलीच. रिबका हसली आणि तिनं त्यांचा हात धरून ती सुलटी करून दाखवली. मग आपलं उत्तर दिलं. काठावरचे सगळे ते समजले.

आधी लेक उतरली, मग आई. बनाबाई पाण्यातून वर आली तेव्हा गेणू दाराच्या चाकाला धरून पोरासारखा रडत होता. "डोळ्यात पाणी गेलं," असं तो म्हणाला. तो पाण्यापासून वीस हात लांब होता.

त्यानंतर बनाबाई पुष्कळ वर्षं जगली. मंडळ्या बदलल्याबद्दल तिला कुणी टोचलं तर ती तिघींची नावं प्रेमानं घ्यायची. बारामतीनं अक्षर दिलं, लासुर्ण्यानं माया दिली, असं म्हणायची. आणि इंदापूरच्या बायका तिचं कौतुक करायला लागल्या, की काय आई आहे, मुक्या लेकीला देऊळ मिळावं म्हणून किती वणवण केली, की ती त्यांना मधेच थांबवायची.

"न्हाय गं बायांनो," ती म्हणायची. "मी तिला कुठंच पोचवलं न्हाय. मी आपली दारं हिंडत व्हते आन वर्सानुवर्सं उपाशी ऱ्हात व्हते. मला पंगतीत बसवलं ते माझ्या लेकीनं."